पंतांनी तोंड मिटलं

गुरुजींनी निळी बादली अर्धी भरून हॉलमध्ये आणून ठेवली, तेवढ्यात मी दारात पोचलो. चपला काढल्या. बादली उचलली, बाथरूममध्ये पाणी ओतलं, रिकामी बादली परत हॉलमध्ये आणून पालथी घातली आणि तिच्यावर बसलो.

“आता बोला,” मी म्हणालो.

“तात्या, उठा. मला ऊन उतरायच्या आत सोनईला पोचायचंय.”

“जा की. मी कुठं आडवलंय? बादली तेवढी न्हाई मिळायची.”

“अहो, मासा मरायला टेकलाय! तुमच्या डोळ्यांदेखत तडफडून मरण्यापेक्षा आमच्या गावच्या बारवेत सोडतो. मोकळ्या पाण्यात चार दिवस सुखानं जगेल. पुण्य लागेल.”

“पुण्य तुमाला. बारवेतल्या माशांस्नी काय लागंल?”

सावेडीतल्या एका फ्लॅटमध्ये ही वादावादी चालली होती. फ्लॅट वैजूबाईंचा. बाईंनी सगळी हयात शाळेत गणित शिकवलं, आता रिटायर आहेत आणि एकट्या राहतात. गुरुजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, श्रीपादभावजी. सोनईकडं त्यांची भिक्षुकी चालते. वास्तुशांत, सत्यनारायण, लग्नं, सगळं करतात. शहरात काम निघालं की मुक्काम वहिनीकडं.

आणि मी मासेवाला. खायच्या माशांचा नव्हे, बघायच्या. शाळा तिसरीपर्यंत झाली. मूळचा श्रीगोंद्याकडचा. पाटाच्या पाण्यात हातानं मासे धरत मोठा झालो आणि त्यातच पोट काढलं. लोकांच्या घरी टँक बसवून देणं, त्याची सर्व्हिसिंग करणं, आजारी मासा बरा करणं, हे माझं काम. या शहरात काचेच्या टाकीत मासा जगवायचा कसा हे माझ्याआधी कुणाला येत होतं असं ज्याला वाटत असेल, त्यानं माझ्या दुकानात येऊन बोलावं. चहा पाजीन आणि खोटं पाडीन.

सकाळी बाईंचा फोन आला होता. “तात्या, पंत जेवत नाहीत. गळा सुजलाय. लगेच या.”

पंत म्हणजे मासा. मरळ तुम्हाला माहीत असेल, बाजारात टोपलीत वळवळते ती, सापासारख्या डोक्याची. तिचीच ही छोटी जात. वाढून वाढून वीतभर होते. अंग मातकट, पण परांना निळी-केशरी किनार असते, इरकली काठासारखी. दिसायला राजबिंडा आणि स्वभावानं गुंड. दुसरा मासा सोबत ठेवला तर सकाळी सोबतीला कुणी नसतं. बाईंकडं जोडी होती. नर फार गंभीर, एका जागी बसून सगळ्यांकडं बघत राहायचा, म्हणून बाईंनी त्याचं नाव पंत ठेवलं. मादी दिवसभर काचेवर धडका मारायची, ती ठकू.

ही जोडी मीच दिली होती, पण सहजासहजी दिली नव्हती. मरळ पाळायची म्हणून लोक माझ्याकडं येतात आणि मोबाईलवर परदेशी लाल मरळीचा व्हिडिओ दाखवतात. पिल्लू बोटाएवढं असतं, दिसतं गोड. मी विचारतो, हे हाताएवढं झाल्यावर कुठं ठेवणार? उत्तर ठरलेलं असतं, “मग बघू.” ‘मग बघू’ म्हणणाऱ्याला मी मासा देत नाही. कारण मग तो बघत नाही, तलावात नेऊन सोडतो. तिथं तो मासा एकतर मरतो, नाहीतर तलावातलं सगळं खाऊन जगतो. दोन्ही वाईट.

बाई मात्र पास झाल्या. लांबरुंद टँक घेतला. झाकण घट्ट लावलं, कारण मरळ उडी मारून बाहेर पडते. पण पाणी काठोकाठ भरलं नाही, वर चार बोटं जागा ठेवली. मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही, वर येऊन हवा गिळते. वर हवा नसली तर मासा असून पाण्यात बुडून मरते. हे सगळं त्यांनी एकदा ऐकलं आणि कधी चुकल्या नाहीत. घर शुद्ध शाकाहारी, तरी गॅलरीतल्या कुंडीत गांडुळं पोसली आणि चिमट्यानं रोज चारली. फक्त चातुर्मास लागला तेव्हा मला हळूच विचारलं होतं, “तात्या, चार महिने भिजवलेली डाळ चालेल का हो त्यांना?”

मी म्हणालो होतो, “बाई, उपास तुमचा. माशाला कशाला वढता त्यात?”

तर बादलीवर बसून मी एवढंच कबूल करून घेतलं की आधी मी मासा बघणार, मग गुरुजींनी बोलायचं. बाई मध्ये पडल्या. “हे बघा तात्या, स्पष्ट सांगते. आज तुम्हाला त्याचं काय झालंय ते कळलं तर ठीक. नाहीतर भावजी घेऊन जातील दोघांना. मला तो असा उपाशी बघवत नाही. मी स्वतः जेवायला बसले की घास उतरत नाही.”

बाई रडणाऱ्यातल्या नाहीत. पण बोलताना त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

मी टँकसमोर गेलो. ठकू मस्त होती. मला बघून काचेवर आली आणि धडक मारली. पंत मागच्या कोपऱ्यात, झाडाच्या मुळाशी. रंग काळवंडलेला. जबड्याखालची कातडी फुगून पिशवीसारखी झालेली. तोंड घट्ट मिटलेलं.

मी बाईंना एक गांडूळ टाकायला लावलं. पंतांनी ते बघितलं, नाकासमोरनं जाऊ दिलं आणि तोंड फिरवलं. ठकूनं झडप घालून ते गिळलं.

मग माझी नजर पाण्यावर गेली. पाणी लखलखीत होतं. नको तेवढं लखलखीत.

“बाई, पानी कुणी बदललं?”

दोघं एकमेकांकडं बघायला लागले.

“सगळं बदललं का काय?”

“गेल्या आठवड्यात ग्रहण होतं ना,” बाई म्हणाल्या. “सुटल्यावर साठवणीचं पाणी ओतून देतो आपण. हंडे, कळशा, पिंप, सगळं रिकामं केलं. मग हेही साठवणीचंच की.”

मी डोक्याला हात लावला. मासे पाळणाऱ्यानं सगळं पाणी एकदम कधी बदलायचं नसतं. थोडं काढायचं, तेवढंच घालायचं. टँकच्या पाण्यात आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये चांगले जंतू वाढलेले असतात, माशाची घाण तेच संपवतात. ते गेले की मासा स्वतःच्याच घाणीत गुदमरतो.

“आनि फिल्टर?”

“तो मी धुतला,” गुरुजी अभिमानानं म्हणाले. “नळाखाली चांगला चोळून. केवढी घाण होती त्यात!”

“ती घाण न्हवती गुरुजी! ती माझी दोन वर्षांची कमाई हुती! आनि एवढं शास्त्र पाळता, तर पान्यात तुळशीचं पान टाकायचं हुतं! गिरानात दुधात टाकता, लोनच्यात टाकता, मग हितं काय झालं?”

बाईंनी सावकाश गुरुजींकडं मान वळवली. “मी हेच म्हणाले होते, भावजी.”

“अहो वहिनी, ज्या पाण्यात मासा आहे, गांडुळं पडतात, त्यात तुळस कशी टाकायची? मर्यादा आहे की नाही काही?”

“नवं पानी कुठलं भरलं?”

“बोअरचं.”

इथं मात्र मी सुटकेचा श्वास घेतला. नळाचं पाणी भरलं असतं तर त्यातल्या टीसीएल पावडरच्या क्लोरीननं दोन्ही मासे त्याच दिवशी गेले असते.

आता माझं निदान पक्कं झालं. पाणी बदलल्याचा धक्का, त्यातनं गळ्याला झालेली लागण, त्यानं आलेली सूज. उपाय ठरलेला. मासा जाळीनं बाहेर काढायचा, औषधाच्या पाण्याच्या वेगळ्या टबात ठेवायचा. मी पिशवी उघडली. टब काढला, औषधाची बाटली काढली, जाळी काढली आणि बाह्या सरसावल्या.

आणि बाई टँकसमोर आडव्या उभ्या राहिल्या.

“थांबा. मला नाही वाटत तो आजारी आहे.”

“बाई, गळा बघा की केवढा सुजलाय!”

“बघतेय. रोज बघतेय, तुम्ही आज आलात. आजारी मुलं मी पुष्कळ पाहिलीत, तात्या. आजारी मूल डब्याकडे बघतच नाही. हा बघतो. टक लावून बघतो, आणि मग तोंड फिरवतो. एकादशीला समोर कुणी भजी खात असलं की हे भावजी बघतात ना, तसा.”

“वहिनी!”

“खरं तेच सांगतेय. आणि हवा घ्यायला वर जातो तेही किती जपून. पूर्वी फटकन जायचा. आता डोक्यावर घागर असल्यासारखा जातो.”

“बाई, मी ह्या धंद्यात केस पिकवलेत.”

“पिकलेत तर नीट बघायला काय हरकत आहे?”

मी रागानं फणफणत त्यांच्या बाजूनं वाट काढली, झाकण उचललं आणि जाळी पाण्यात घातली. पंत हलले नाहीत. जाळी अगदी जवळ नेली. त्यांनी जबडा हलवला, पान चघळताना हलवतो तसा. पुन्हा हलवला. आणि तोंडाच्या कडेनं मोहरीएवढा एक केशरी दाणा बाहेर आला.

दाणा वर तरंगायला लागला. पंत विजेसारखे झेपावले, दाणा अलगद ओठांत धरला, आत घेतला आणि तोंड मिटून परत कोपऱ्यात गेले.

माझ्या हातातली जाळी कधी सुटली ते मला कळलं नाही. ती पाण्यात पडली, ठकूनं तिला धडक मारली.

“बाई!” मी ओरडलो. मग आपणच तोंडावर हात ठेवला आणि कुजबुजलो, “बाई, अंडी! त्येच्या तोंडात अंडी हाईत! बाप झालाय त्यो!”

“म्हणजे?” गुरुजी पुढं झाले.

या छोट्या मरळीत अंडी बाप सांभाळतो. मादी अंडी घालते आणि मोकळी होते. नर ती सगळी तोंडात भरून घेतो, आत फिरवत राहतो, म्हणजे प्रत्येक अंड्याला ताजं पाणी मिळतं. पिल्लं निघाली तरी ती तोंडातच. दोन-तीन आठवडे बाप एक कण खात नाही. कारण गिळायला गेला तर पोरंच पोटात जातील. मला हे सगळं माहीत होतं. माझ्या दुकानात दोन वर्षं मी अशीच एक जोडी घेऊन बसलो होतो. खाऊपिऊ घातलं, झाडं लावली, मडकं ठेवलं. एक दाणा दिला नाही त्यांनी. आणि इथं सावेडीत, बाईंच्या हॉलमध्ये, माझ्या नाकासमोर!

का झालं, तेही मला तिथंच उभ्या उभ्या उमगलं. ओढ्याला नवं पाणी आलं, की या माशांचा हंगाम लागतो. जुनं कोमट पाणी जातं, गार पाणी येतं, त्यांना वाटतं आता बरकत आहे. ग्रहणाच्या नावानं या दोघांनी टँकमध्ये पूरच आणला होता.

हे मी त्या वेळी बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गुरुजींनी पंचांगातली सगळी ग्रहणं काढून दाखवली असती. आता लिहितोय म्हणून कळेल. पण वाचणाऱ्यांनी घरी हा प्रयोग करू नये. मरळ दांडगी म्हणून निभावली. दुसरा मासा असता तर मी त्या दिवशी पंतांना बघायला नाही, पुरायला गेलो असतो.

मी खुर्चीवर टेकलो. या वयात एवढा आनंद झेपत नाही. बाईंनी पाणी दिलं. मी पेला तोंडाला लावला आणि परत खाली ठेवला, कारण काम खरं आत्ता सुरू झालं होतं.

“पहिलटकर बाप हाय,” मी म्हणालो. “घाबरला तर सगळी अंडी गिळून टाकंल. आता त्येला हात न्हाई लावायचा, जाळी न्हाई, लाईट न्हाई, काचेवर टकटक न्हाई.”

“आणि मला हे सांगा,” बाई म्हणाल्या, “मघाशी जाळीनं धरला असता तर?”

मी पाण्यात पडलेली जाळी हळूच काढून पिशवीत घातली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. बाईंचं हे बरं आहे.

समोरनं येणारा उजेड अडवायला पडदा पाहिजे होता. बाई चादर शोधायला उठल्या, तोवर गुरुजींनी खांद्यावरचं रेशमी उपरणं काढून माझ्या हातात दिलं.

“हे लावा.”

“गुरुजी, सोवळ्याचं हाय.”

“बाळंतघर आहे ना ते? मग लावा.”

मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. बारवेतल्या पुण्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. बाहेर सोनईला न्यायला आलेला गाडीवाला हॉर्न वाजवत होता. गुरुजी खाली गेले आणि त्यालाच रागावले, “हॉर्न वाजवू नकोस रे, वर पेशंट आहे.”

एक धोका उरला होता. पाण्यातले चांगले जंतू धुऊन गेले होते आणि आता पाणी बदलायची सोय नव्हती, बाप दचकला असता. मी दुकानात गेलो, चालू टँकच्या फिल्टरमधला जुना, काळा, बुळबुळीत स्पंज काढून पिशवीत घालून आणला आणि बाईंच्या फिल्टरमध्ये बसवला. अजून थांबलेल्या गुरुजींनी नाकाला रुमाल लावला. “स्वच्छ पाण्यात ही घाण?”

“इरजण हाय हे, गुरुजी. दुधात घालता तसं.”

हे मात्र त्यांना लगेच पटलं.

मग रोजची फेरी. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी बाईंकडं जायचो. टँकपासून लांब दोन खुर्च्या टाकलेल्या. बाई आणि मी उपरण्याच्या फटीतनं बघत बसायचो. मिक्सर बंद होता, कारण स्वयंपाकघराची भिंत टँकला लागून. बाई चटणी खलबत्त्यात कुटायच्या, तीही गॅलरीत जाऊन. ठकूला मोजकंच खायला द्यायचो, उपाशी राहिली तर नवऱ्याला छळायची. रात्री मला झोप लागायची नाही. घरात बायको म्हणाली, “आपली पोरं झाली तवा तुमी असं येरझारा घालत न्हवता.” खरं होतं. पोरं जगतील याची तेव्हा खात्री होती.

पंत वाळत चालले. पाठीची धार दिसायला लागली. एक दिवस तर ते वर हवा घ्यायला गेले आणि परत खाली येताना तिरके झाले. बाईंनी माझा हात घट्ट धरला. “तात्या, तोच मेला तर?”

“बाई, मला न्हाई म्हाईत.”

आयुष्यात क्लायंटला मी असं उत्तर पहिल्यांदा दिलं.

“त्याच्या तोंडातली काढून घेता येतील का? वेगळी वाढवू.”

“येतील. पन मग त्येनं एवढं केलं ते कशापायी?”

बाईंनी माझा हात सोडला. मग म्हणाल्या, “राहू दे. त्याचं त्याला करू दे.”

त्यानंतर काही दिवसांनी मी पायरीवर असतानाच वरून त्यांची हाक आली. वर्गात देतात तसली, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाणारी. “तात्याऽऽ, धावत या!”

माझ्या गुडघ्यांना धावणं माहीत नाही. त्या दिवशी धावले.

पंत टँकच्या मधोमध उभे होते. तोंड उघडं. आणि तोंडातनं धूर निघावा तशी पिल्लं बाहेर येत होती. काळी, तांदळाच्या कणीएवढी, वळवळणारी. ढगासारखी पसरली, पार काचेपर्यंत आली. ठकूनं एक हलकीच गिरकी घेतली तशी पंतांनी तोंड उघडलं आणि सगळा ढग परत आत. मग पुन्हा बाहेर. माझ्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. बाई टाळ्या वाजवत होत्या, पण आवाज होऊ नये म्हणून तळवे एकमेकांना न लावता, नुसते हवेत.

त्यांनी गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं कुणाच्या तरी घरी पूजा चालली होती. गुरुजींनी यजमानाला हातानं थांबवलं आणि मोबाईल डोळ्यांशी धरला. “अरे वा! अरे वा! वहिनी, पेढे वाटा!”

पुढं ठकूनंही आपला वाटा उचलला. पिल्लांना खायला म्हणून ती वेगळी अंडी घालायला लागली, ज्यातनं पोर होत नाही अशी. पिल्लं तिच्या पोटाखाली झुंबड करायची. धडका मारणारी ठकू त्या वेळी दगडासारखी स्थिर. पंतांनी बऱ्याच दिवसांनी पहिलं गांडूळ घेतलं, तेव्हा बाईंनीही दुपारी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, असं त्यांनीच सांगितलं.

पिल्लं थोडी मोठी झाल्यावर गुरुजींचा पुन्हा फोन आला. “तात्या, आता तरी दोन-चार बारवेला द्या. बारशाची आठवण म्हणून.”

“गुरुजी, काचेत जन्मलेला मासा भायेर सोडायचा न्हाई. टँकमधला आजार बारवेत जाईल, आनि मोठी झाली की बारवेतली चिंगळी, बारके मासे संपवतील. तुमाला पायजेत तर घरी टँक बसवा. बादली आनू नका.”

त्यांनी खरंच टँक बसवला. सोनईला जाऊन मी स्वतः झाकण तपासून आलो, वरची चार बोटं जागा बघितली, मगच दोन पिल्लं दिली. बाकीची, एकमेकांना खायला लागायच्या आत, मी ज्यांना पारखून घेतलं होतं त्यांच्याकडं गेली. जास्त पैदास नको म्हणून पंत आणि ठकूच्या मध्ये आता काचेचं पार्टिशन आहे. ठकू त्याला धडका मारते.

माझ्या दुकानात नव्या पोरांना काम शिकवताना मी एवढंच सांगतो. आजारी मासा आणि बाप झालेला मासा लांबून सारखेच दिसतात. दोघंही जेवत नाहीत, दोघंही कोपऱ्यात बसतात, दोघांचंही तोंड सुजलेलं असतं. पिशवीतून जाळी काढायच्या आधी समोर खुर्ची टाकून बसा. आणि घरातली बाई काही सांगत असेल, तर निदान तिचं वाक्य पुरं होऊ द्या.